वारूळ कुणी बांधलं?

सध्या उदयनाचार्य डोक्यातून जातच नाहीयेत. मिथिलेचा हा नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा तर्कपंडित, दहाव्या-अकराव्या शतकातला, आणि त्याचा 'न्यायकुसुमांजली' म्हणजे ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करायचा आपल्याकडचा बहुतेक सगळ्यात तगडा प्रयत्न. त्याचा एक मुद्दा ऐकायला एकदम साधा आहे, घडा हे कार्य, म्हणजे घडवलेली गोष्ट, कार्याला कर्ता लागतो म्हणून कुंभार, तसंच पृथ्वी काय किंवा अंकुर काय, तीपण कार्यंच, मग त्यांनाही कोणी जाणता कर्ता असणारच आणि तो ईश्वर.

पण त्याच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने यातली फट दाखवून ठेवली होती. मातीचा आकार दिसला की कुंभार आलाच असं म्हणणार असाल तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणा की! हे वाचून मी आमच्या बांधावरचं वारूळ पुन्हा नीट जवळून बघितलं. ओल्या मातीचे बारीक बारीक कण, वाळवीने लाळेने चिकटवत नेलेले, आत बोगदे, वरती सुळके, आणि एकाही वाळवीच्या डोक्यात अख्ख्या वारुळाचा नकाशा नसतो. नागपंचमीला आपण त्यालाच हळदकुंकू वाहतो. घडा करताना कुंभार आपण पाहिलेला असतो, पृथ्वी करताना कुणाला पाहिलंय?

नैयायिकांकडे यावर उत्तर आहे. अंकुराला कर्ता दिसत नाही हा दाखला विरोधात वापरताच येत नाही कारण वाद त्याच्यावरच चाललाय, आणि कर्त्याला हातपाय लागतात असंही नाही, ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न असले की झालं. वादाच्या नियमात हे बसतं, मान्य. पण मला पटत नाही, कारण शरीराशिवाय केलेला प्रयत्न आपण कुठेच पाहिलेला नाही, मग घड्याचं उदाहरण उरतं कशाला?

पण खरं अडतं ते दुःखापाशी. किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, बाप्पाला पोचवून दमून झोपलेली माणसं आणि अंगावर दगडमातीच्या जाड भिंती, वरून माळवदाची माती. हजारो गेले, त्यात लहान लेकरं किती. जाणता कर्ता आहे तर हे का, यावर वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांपासून चालत आलेलं उत्तर असं की ईश्वर पक्षपाती नाही, क्रूरही नाही, तो ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. तर्काला हे पुरत असेल कदाचित. पण ढिगाऱ्यातून लेकरू काढणाऱ्या आईला 'मागच्या जन्मीचं असेल' हे मी म्हणू शकत नाही, कुणी म्हणूही नये. ती घरं पडली ती भिंती जड आणि मातीत रचलेल्या होत्या म्हणून, एवढं आपल्याला माहीत आहे आणि पुढची घरं वाचवायला तेच कामाला येतं.

आणि गंमत नाही, आश्चर्य वाटतं ते कुमारिल भट्टाचं. वेदाचा एवढा कट्टर अभिमानी, यज्ञाचा पुरस्कर्ता, पण सृष्टी निर्माण करणारा ईश्वर त्याने मानलाच नाही. तो विचारतो, करुणेपोटी जग केलं म्हणता, पण जग होण्याआधी दुःखी जीव तरी कुठे होते, मग करुणा आली कोणाची? आणि करुणाच असती तर सगळे सुखीच केले असते ना. याला उदयनाने काय उत्तर दिलंय ते आता शोधत बसलोय, कारण कर्माचंच उत्तर परत आलं तर माझं समाधान होणार नाही.