अडून बसलेल्यांना वळवलंत कसं?

आमच्या बँकेच्या परळ शाखेतली लेजरं, म्हणजे हातानं लिहायच्या खातेवह्या, जाऊन संगणक आले तेव्हा मी तिथे व्यवस्थापक होते. हे कळलं की पवई-गोरेगावच्या कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळी हमखास विचारतात, "मॅडम, इतक्या जुन्या, युनियनमधल्या लोकांना तुम्ही तयार कसं केलंत?" त्यांच्या ऑफिसात काहीतरी नवीन येऊ घातलेलं असतं आणि चार माणसं अडून बसलेली असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आमची माणसं अडून बसली होती, हेच मुळात मला मान्य नाही. ती धास्तावली होती, आणि धास्ती घ्यावी अशीच ती गिरण्यांची वस्ती होती. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा आत जाता आलं नाही. आमच्याकडे कुणाचे वडील, कुणाचा मामा, कुणाचा थोरला भाऊ गिरणीतला होता. काउंटरपलीकडे रांगेत उभे असायचे तेही त्यांचेच शेजारीपाजारी. संप काही यंत्रावरून झाला नव्हता. पण पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा आत काय ठरतंय हे कामगाराला सगळ्यात शेवटी कळायचं, हे त्या घरांनी पाहिलं होतं. अशा माणसांसमोर "कुणीही काळजी करू नये" असं परिपत्रक वाचून दाखवायचं आणि वर त्यांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा करायची, हे मला पटत नव्हतं.

संगणक येणार हे तर ठरलेलंच होतं. बँका आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला मोठा करार १९८३ला झाला. पुढे केंद्रीय दक्षता आयोगाने १ जानेवारी २००१च्या आत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणायला सांगितलं, तेव्हा सगळीकडेच धावपळ सुरू झाली.

फळ्यावर काही लावण्याआधी मी संघटनेच्या आमच्या शाखेतल्या प्रतिनिधीला केबिनमध्ये बोलावून सगळं सांगितलं. मग सगळ्यांना एकत्र बसवलं. संगणकामुळे कपात होणार नाही हे बँकेनं संघटनेला लेखी दिलं होतं, ते छातीठोकपणे सांगितलं. लेजरचं टेबल राहणार नाही, हेही सांगितलं. बदल्या होऊ शकतात आणि त्या थांबवणं माझ्या हातात नाही, हेसुद्धा. त्यावर आवाज चांगलेच चढले. पण त्या दिवसानंतर माणसं माझ्याशी तोंडावर भांडायला लागली, आणि मला तेच हवं होतं. मागे कुजबुज चालली असती तर मला कळलं काय असतं?

त्या भांडणातूनच कामाची गोष्ट हाती लागली. बचत खात्याच्या लेजरवर बसणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी सगळ्यात जास्त विरोध करायचे. विभागीय कार्यालयातून सल्ला आला की त्यांना दुसरं टेबल द्या, म्हणजे काम पुढे सरकेल. मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांनी एक लेजर उघडून माझ्यापुढे सरकवलं. पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "थोरली. धाकटी याच नावाची, फोलिओ पुढे." फोलिओ म्हणजे लेजरचं पान. दुसऱ्या पानावर: "अंगठा. मुलगा सोबत आल्यास बाईंना बाजूला विचारून मगच द्यावे." आणखी एकावर: "डाव्या हाताला कंप, सही जुळत नाही, ओळखीचे." एकाच चाळीत एकाच नाव-आडनावाचे दोन गिरणी कामगार, त्यांचे बाप एकाच गावचे, हे सगळं त्या समासात होतं. "मॅडम, बॅलन्स जाईल हो तुमच्या मशीनमध्ये," ते म्हणाले, "हे कुठे जाणार?"

या प्रश्नाचं उत्तर ना विभागीय कार्यालयाकडे होतं, ना सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या मुलांकडे. बॅलन्सपुरतं बघितलं असतं तर पहिल्याच पेन्शनच्या दिवशी एका बाईचे पैसे दुसरीला गेले असते. मग त्या मुलांना बसवून खात्यावर सूचना नोंदवायची जागा शोधून काढली. तिच्यात अक्षरं थोडीच मावत, म्हणून समासातला मजकूर कसा आखडून लिहायचा ते त्याच सहकाऱ्यांनी ठरवलं. माहिती भरून झाल्यावर प्रत्येक खात्याची शिल्लक लेजरशी टिकमार्क करून पडताळायची आणि खाली सही करायची, ही जबाबदारीही त्यांच्याकडे दिली. त्यांची सही झाल्याशिवाय एकही लेजर बंद करायचं नाही, असं मी सांगून टाकलं. त्यांना मी कसं वळवलं असं विचाराल तर वळवलंच नाही. ज्याला ते विरोध करत होते, त्यातली चूक त्यांनी दाखवली आणि आम्ही ती दुरुस्त केली.

शिकवण्याबद्दल मात्र माझं मत फार पक्कं आहे. पन्नाशीच्या माणसाला कीबोर्ड अवघड जात नाही. नुकत्याच लागलेल्या पोरासमोर, भर काउंटरवर, एका बोटानं अक्षर शोधणं त्याला अवघड जातं. म्हणून सराव ग्राहकांची वेळ संपल्यावर, शटर अर्धं ओढून. शिकवायला दुसऱ्या शाखेतली, त्यांच्याच वयाची एक हेडक्लार्क बाई आणली. ती मराठीतून समजावायची. मीही त्यांच्यातच बसून शिकले. हे तुमच्याकडे होत नाही असं दिसतं. तुमच्याकडे इंग्रजीतल्या स्लाइड दाखवतात आणि हजेरी घेतात.

मन खऱ्या अर्थानं पालटलं ते सहामाही व्याजाच्या वेळी. तेव्हा बचत खात्यावर व्याज दर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर निघायचं. म्हणजे प्रत्येक खात्याचं प्रत्येक महिन्याचं पान उलटून सगळ्यात कमी आकडा शोधायचा, प्रॉडक्ट, म्हणजे व्याजासाठीचा गुणाकार, काढायचं, बेरीज जुळवायची. त्या दिवसांत शेवटची कर्जत-कसारा लोकल पकडणारी मंडळी आमच्याकडे होती. संगणकानं ते काम उरकलं आणि लोक उजेडात घरी गेले. एखादा बदल कुणाच्या सोयीचा आहे हे सांगत बसण्यापेक्षा ज्याच्या पाठीवरचं ओझं उतरणार आहे त्याचं काम आधी घ्या, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. बहुतेक ठिकाणी आधी वरिष्ठांना हवे असलेले अहवाल तयार होतात. खालच्यांच्या वाट्याला फक्त जास्तीचं टाइपिंग येतं.

२०००-०१मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली आणि लाखभर माणसं बाहेर पडली. आमच्याकडची, नुकतीच सगळं शिकलेली, अनुभवी माणसंही गेली. समास वाचता येणारी माणसं एका फटक्यात जाऊ देणं हे मला आजही पटलेलं नाही.

"आणि तरीही कुणी आलंच नाही तर?" हाही प्रश्न असतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं, मला पडद्यासमोर बसायचं नाही. रोकड मोजण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मी त्यांना कॅशमध्ये नेलं. तिथे तेव्हा माणूस कमीच होता.