दिवळीतली राणी

चोपडा तालुक्यातील एका गावात जुने धाब्याचे घर आखाजीपूर्वी (अक्षय्य तृतीयेपूर्वी) पाडायचे ठरले होते आणि त्याच्या मातीच्या जाड भिंतीतील, कधीतरी अर्धवट बुजवलेल्या दिवळीत, म्हणजे कोनाड्यात, सातेरी मधमाश्यांची वसाहत नांदत होती. मजूर पलिते पेटवून मोकळे होणार होते. परंतु घरातील म्हाताऱ्या मायने, "भाऊ, त्यास्ले मारू नको," असे बजावून मुलाला मला, म्हणजे वसाहती न मारता पेटीत हलवणाऱ्याला, आणण्यासाठी पाठवले.

एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पोळ्याचे मेण इतके नरम पडते की कापलेले पोळे हातातच वाकते, म्हणून मी उन्हे कलल्यावर काम सुरू केले. धूर बेताचाच दिला; सातेरी माशी बिथरली की घर सोडून निघून जाते. मधाचे वरचे भाग वेगळे काढून अंडी-अळ्यांची पोळी, वरची बाजू वरच राहील अशा बेताने, केळीच्या सोपटाच्या धाग्याने पेटीच्या लाकडी चौकटींत बांधली. पोळे चौकटीला पक्के चिकटले की माश्या हा धागा स्वतःच कुरतडून टाकतात, आणि आमच्या मुलखात तो विकत आणावा लागत नाही.

ओंजळीने माश्या पेटीत सोडल्या आणि काम संपले असे मी समजलो. राणी आत असेल, तर दारावरच्या कामकरी माश्या पोटाचे टोक उंच करून, गंध सोडत पंख हलवतात व मागे राहिलेल्यांना बोलावून घेतात. येथे पंख हलत होते खरे, पण भिंतीवर. पेटीतल्या माश्याही एकेक करून तिकडेच परतत होत्या. सर्वाधिक गर्दीच्या पोळ्यावर राणी असणारच, असे गृहीत धरून तिला डोळ्यांनी न पाहताच मी चौकटी बंद केल्या होत्या. पंधरा वर्षे हे काम करणाऱ्याला ही चूक शोभणारी नव्हती.

तोवर अंधार पडला. माश्यांना तांबडा रंग दिसत नाही, म्हणून विजेरीला लाल कागद गुंडाळून दिवळी पुन्हा तपासली, तेव्हा माथ्याच्या सागवानी फळीमागच्या भेगेत मूठभर माश्यांच्या गराड्यात काळपट, लांब पोटाची राणी बसलेली दिसली. तिला काडेपेटीत घेऊन अळ्यांच्या दोन चौकटींमध्ये सोडले आणि कामकरी माशी जाईल पण राणी जाणार नाही अशी जाळी दाराला लावली. काही वेळातच पंखांची ती गुणगुण पेटीच्या दारावर सुरू झाली.

जवळपास ठेवली असती तर माश्या जुन्याच भिंतीकडे परतल्या असत्या, म्हणून रात्रीच पेटी सहा किलोमीटरवरील लिंबूच्या बागेत नेली. शेजारी केळी होती. केळीचे फळ धरायला मधमाशी लागत नाही, तरी तिच्या फुलांतला मकरंद माश्यांना चालतो. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या लाकडी घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले.

आठव्या दिवशी माय स्वतः बैलगाडीतून बागेत आली. मी झाकण उचलले. तळपाटावर सोपटाच्या धाग्याचे कुरतडलेले तुकडे पडले होते. तिच्यासमोरच मी दारावरची जाळी काढली.