मिठाचा निरोप, लग्नाची घाई

हॉग१ हे जनुक काढून टाकलेलं यीस्ट पहिल्यांदा हाती आलं, तेव्हा माझी त्याच्याकडून एकच अपेक्षा होती: मिठात वाढू नये. नाही वाढलं. ०.९ मोलर मिठाच्या प्लेटवर दहा-दहा पट पातळ करत ठिपके दिले, ३० अंशांवर दोन दिवस ठेवले. साध्या यीस्टची रांग उगवली, शेजारची कोरी.

(या हॉगचा डुकराशी संबंध नाही. ‘हाय ऑस्मोलॅरिटी ग्लिसेरॉल’ची ती आद्याक्षरं, १९९३ पासून हे नाव रूढ आहे.)

बाहेर मीठ वाढलं की पेशीतलं पाणी निघून जातं आणि पेशी आकसते. पडद्यावरच्या स्लन१ आणि शो१ या प्रथिनांना ते कळतं. निरोप एका काइनेजकडून (दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रथिनाकडून) दुसऱ्याकडे जातो आणि शेवटी पीबीएस२ हे काइनेज हॉग१ जनुकापासून बनलेल्या प्रथिनावर दोन फॉस्फेट चिकटवतं, थ्रिओनिन १७४ आणि टायरोसिन १७६ या अमिनो आम्लांवर. मग काही मिनिटांतच हॉग१ केंद्रकात शिरतं, ग्लिसेरॉल बनवणारी जनुकं जागी करतं आणि पेशी पुन्हा पाणी ओढून घेते. पण हॉग१ सतत जागं राहिलं तरी पंचाईत. स्लन१ काढलं तर ते झोपतच नाही आणि पेशी मरते. सोबत हॉग१ही काढा, पेशी जगते!

इतकं मला पाठ होतं. मग एकदा मिठाऐवजी १ मोलर सॉर्बिटॉल (मिठासारखंच पेशीतलं पाणी ओढणारं, साखरेच्या जातीचं द्रव्य) हॉग१ नसलेल्या यीस्टवर वापरलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींना टोकं फुटलेली दिसली. भेसळ झाली म्हणून मी ती प्लेट टाकून दिली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच. आमच्या ताईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, यांना लग्न करायचंय.’’

जोडीदाराचा गंध लागला की यीस्ट त्या दिशेला असंच टोक काढतं. इथे जोडीदार नव्हताच. पण स्टे११ हे काइनेज दोन्ही निरोपांच्या वाटेवर बसलेलं असतं. हॉग१ असेल तर शो१ कडून आलेला मिठाचा निरोप मिठाच्याच वाटेने जातो. नसेल तर तो सांडून फस३ पर्यंत, म्हणजे जोडीदाराचा निरोप घेणाऱ्या काइनेजपर्यंत, लग्नघरी पोहोचतो. हॉग१ चं प्रथिन नुसतं हजर असून भागत नाही, त्याचं काइनेजपणही शाबूत लागतं. जगवण्याइतकंच हे अडवण्याचं कामही त्याचंच, हे मला टाकलेल्या प्लेटनंतर कळलं.

खात्रीसाठी हॉग१ सोबत शो१ही काढलेलं यीस्ट त्याच सॉर्बिटॉलमध्ये ठेवलं. टोकं गायब, पेशी गोल. वाढ मात्र तेव्हाही नाही.