आमची वाटचाल : पांदणीवरच्या गाड्यांसाठी

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आज मुख्यतः छोट्या अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे कच्च्या वाटांवर चालतील अशा मोटारसायकलींचं सामान बनतं. इंजिनखालची बॅश प्लेट, लेग गार्ड, मागचं कॅरिअर, बॅगा अडकवायच्या फ्रेमा. सुरुवात गेट-ग्रिल आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांपासून झाली. ते काम अजूनही आहे, भाडं त्यातूनच निघतं.

२०११ मध्ये हिरोची १५० सीसीची इम्पल्स आली. लांब शॉकअप, उंच मडगार्ड, शहरात वेगळीच दिसायची. ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांनी बंद झाली. पण आमच्याकडे ती घेऊन येणारे सगळे कामाचे लोक होते. कुणी काटोलकडचा संत्रा बागायतदार, कुणी जंगलालगत ड्युटी असलेला वनरक्षक, कुणी खता-बियाण्याचा प्रतिनिधी. लडाखला जायचा विचारही त्यांच्या डोक्यात नव्हता. पांदणीनं वावरात पोचायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं, एवढीच त्यांची गरज. या गाड्यांना आपल्याकडे गिऱ्हाईक आहे, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळलं.

विदर्भाची काळी माती ज्यानं पावसात तुडवली नाही, त्याला उंच मडगार्डचं मोल कळायचं नाही. माती टायरला चिकटते, मडगार्डच्या फटीत गच्च बसते आणि शेवटी चाकच फिरत नाही. मग माणूस काडीनं माती उकरत बसतो. अशा ठिकाणी गाडी किती सीसीची आहे याला काही अर्थ उरत नाही, ती एकट्याला चिखलातून काढता आली पाहिजे. २०१९ मध्ये आलेली हिरोचीच एक्सपल्स २०० साधारण १५४ किलोची, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० तब्बल १९६ किलोची. हिमालयन लांबच्या प्रवासाला उत्तम गाडी आहे, पण भरलेल्या नालीतून ती एकट्यानं ओढून काढायची म्हणजे घाम फुटतो.

एक्सपल्स आली आणि आमचं काम खरं वाढलं. तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, २२० मिमी, स्प्लेंडरचा १६५. तरीही मुरमाच्या वाटेवर दगड इंजिनला लागतोच, म्हणून बॅश प्लेट हवी. आमच्या प्लेटला ड्रेन बोल्टसमोर छिद्र असतं, ऑइल बदलताना प्लेट काढावी लागत नाही. पुढून वारा शिरेल अशा फटीही ठेवतो. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि हवेवर थंड होणारं इंजिन चारही बाजूंनी झाकून कसं चालेल? दिसायला बंद प्लेट जास्त दणकट वाटते आणि काही गिऱ्हाईक तीच मागतात. आम्ही ती देत नाही.

एक्सपल्सच्या पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब खेड्यात मिळत नाही, म्हणून कॅरिअरखाली एक जादा ट्यूब बांधायची जागाही आता फ्रेममध्येच दिली आहे. पंक्चर काढणारा कुठेही सापडतो.

आता बाजाराचं. एक्सपल्स आली तेव्हा सुरुवातीची शोरूम किंमत ९७ हजार होती. २०२५ ची एक्सपल्स २१० पावणेदोन लाखांच्या घरात गेली. इंजिन नवं आहे, लिक्विड कूलिंग आहे, गाडी निःसंशय चांगली आहे. पण तेवढ्या पैशांत कास्तकार आधी बोअरवेलचा विचार करतो. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के लागला. छोट्या गाड्यांना याचा फायदा नक्की होईल. तरी आमचं ठाम मत आहे की खरा बाजार सव्वा लाखाच्या आतल्या साध्या, स्पोक चाकांच्या, तालुक्याच्या मेकॅनिकला उघडता येईल अशा गाडीचा आहे. ती जी कंपनी देईल, तिला रामटेक-उमरेडपासून गडचिरोलीपर्यंत गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

तोवर आमच्याकडे सध्या दुधाच्या कॅनसाठी मजबूत साइड फ्रेमचं काम सुरू आहे. भरलेल्या कॅनसह ती उमरेड रोडच्या कच्च्या वाटांवर चालवून पाहतो आहोत. जोडाला तडा गेला नाही, तर दिवाळीनंतर विक्रीला ठेवू.