बुधल्याच्या बुडाशी पेरभर रेघ

शेफील्ड, शुक्रवार रात्र

शेजारच्या आजोबांनी गॅरेज आवरायला काढलंय. संध्याकाळी त्यांनी काचेचा एक मोठा बुधला माझ्या हवाली केला. २३ लिटरचा. इथे घरी बिअर करणाऱ्यांचा एक घाणा म्हणजे ४० पाइंट, तो यात बरोबर बसतो. बिअरचा पूर्ण घाणा मी आजवर प्लास्टिकच्या बादलीतच आंबवत आले. काचेतून यीस्टची घुसळण बघायला मिळावी म्हणून असा बुधला मला कधीपासून हवा होता.

१९६३ पर्यंत ब्रिटनमध्ये घरी बिअर करायलाही परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली आणि पुढच्या दशकात हा छंद घरोघरी पोचला. आजोबांच्या घरात तो त्यांच्या पत्नीचा. एल्डरबेरीची वाईन त्या याच बुधल्यात करायच्या. आता त्या नाहीत. देताना आजोबा म्हणाले, "तीस वर्षं वापरलाय, एकदाही काही झालं नाही. तू वापर. तिला आवडलं असतं."

घरी आणून धुतला आणि दिवे मालवून टॉर्चने बघायला बसले. भिंतीत मोहरीएवढे बुडबुडे दिसले, पाच-सहा असतील. खांद्यावर काच थोडी सुरकुतलेली. आणि बुडाच्या वळणावर, जिथे भिंत संपते आणि तळ सुरू होतो तिथे, पेरभर लांबीची एक रेघ.

शनिवार

सकाळपासून त्या रेघेशीच बसलेय.

ओरखडा असेल असं आधी वाटलं. पण ओरखडा कुठूनही बघा, पांढुरकाच दिसतो. ही रेघ टॉर्च एका कोनात धरला की आरशाच्या कपच्यासारखी चमकते आणि टॉर्च जरा हलवला की दिसेनाशी होते. काचेच्या आत एक सपाट फट पडलेली असते, तिच्यावरून उजेड परततो म्हणून असं होतं. म्हणजे ही चीर आहे. बाहेरून नख फिरवलं तर एका जागी अगदी किंचित अडकतं.

बुडबुड्यांचं मला काही वाटत नाही. काच वितळताना वायू आत राहून जातो, त्याचे हे गोल, गुळगुळीत ठिपके. गोल पोकळीला अणकुचीदार टोक नसतं, त्यामुळे तिथून तडा सुरू व्हायचं कारण नाही. बुडबुडा मोठा असेल आणि त्याच्यावर काचेचा पातळ पापुद्राच उरला असेल तर गोष्ट वेगळी. सुरकुत्या साच्यातल्या, त्याही निरुपद्रवी. काचेत पांढरा खडा अडकलेला असता तर मात्र मी घाबरले असते. न वितळलेली वाळू किंवा भट्टीच्या विटेचा कण काचेच्या प्रमाणात फुगत-आकसत नाही, म्हणून त्याच्याभोवती कायमचा ताण राहतो. तसला खडा यात नाही.

रेघेचा प्रश्न उरतोच. काच दाबाला दणकट आणि ताणाला फार कच्ची, हे का, त्याचं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने १९२१ मध्ये छापलेल्या निबंधात दिलं. काचेची ताकद हिशेबाने जेवढी निघते, तेवढी प्रत्यक्षात कधी भरत नाही, कारण तिच्यातल्या बारीक चिरांच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. त्याने काचेचे धागे ओढून तोडून पाहिले. धागा जितका बारीक, तितका तो आकाराच्या मानाने बळकट निघाला. आमच्या विद्यापीठातल्या टर्नर म्युझियममध्ये काचेच्या धाग्याचा एक निळा पोशाख आहे. १९१५ मध्ये इथे काचशास्त्राचा विभाग सुरू करणाऱ्या डब्ल्यू. ई. एस. टर्नर यांच्या लग्नात, १९४३ मध्ये, त्यांच्या वधूने तो घातला होता. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा काच नेसता येते यावर माझा विश्वास बसेना.

माझ्या निर्णयाला लागणारी गोष्ट याच्या पुढची आहे. काचेतली चीर आहे तेवढीच राहत नाही. तिच्यावर ताण आणि ओल दोन्ही असली तर पाणी टोकाशी काचेचे बंध सोडवत जातं आणि चीर पुढे सरकते. वर्षानुवर्षं, डोळ्याला न दिसता. म्हणून "तीस वर्षं काही झालं नाही" या वाक्याने मला धीर येत नाही. लाकडी पाट तीस वर्षं टिकला तर तो पुढेही टिकेल असं म्हणता येतं. चीर पडलेल्या काचेची तीस वर्षं म्हणजे तिच्या आयुष्यातून वजा झालेली वर्षं. ती किती उरलीत हे बाहेरून सांगायची सोय नाही.

दुपारी नवरा म्हणाला, "नुसता एका जागी उभा राहणार असेल तर काय बिघडतं? आत दाब तो कितीसा?" रास्त प्रश्न. चाळीस सेंटिमीटर उंचीच्या बिअरचा तळावरचा दाब हवेच्या दाबाच्या चार टक्के, काहीच नाही. तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी झडप, लावलेला असतो, त्यामुळे वायूही साठत नाही. पण फेस चढून एअरलॉक तुंबला तर साठतो, आणि हे बुधले दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात. शिवाय तो एका जागी उभा राहत नाही. भरला की काच धरून तीस किलोच्या आसपास जातो, तो ओल्या हातांनी उचलायचा आणि फरशीवर टेकवायचा. टेकवताना पहिला धक्का बसतो तो बुडाच्या वळणाला. चीर नेमकी तिथेच.

दुसरी भीती गरम पाण्याची. ही साधी सोडा-लाइम काच. प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटपेक्षा ती तापल्यावर जवळपास तिप्पट प्रसरण पावते. जानेवारीत गॅरेजमधून गारठलेला बुधला आणून त्यात साठ अंशांचं पाणी ओतलं तर आतली बाजू फुगते, बाहेरची जागची हलत नाही, आणि सगळा ताण बाहेरच्या बाजूवर येतो. चीरही बाहेरच्याच बाजूला.

टिचकीही मारून पाहिली. मडकं वाजवून घ्यायची आमच्याकडची रीत, हात आपोआप गेला. खणखणीत वाजला. पण त्यावर मी विसंबणार नाही. आरपार तडा असेल तर भांडं बद्द वाजतं, पेरभर उथळ चीर आवाजाला कळत नाही.

संध्याकाळी आणखी एक करून पाहिलं. लॅपटॉपवर पूर्ण पांढरी पाटी उघडली, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवत नेला आणि पडदा काळा पडला तिथे थांबले. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याचा प्रकाश एकाच दिशेने कंप पावतो, तो गॉगलने अडवला. मग मध्ये बुधला धरायला नवऱ्याला सांगितलं. जिथे काचेत ताण अडकलेला असतो तिथे तो प्रकाश वळतो आणि काळ्यात उजेड दिसतो. जाड काच थोडीफार सगळीकडे उजळतेच, भिंतीत तेवढंच दिसलं. बुडाच्या वळणावर मात्र रेघेच्या एका टोकाशी एक लहान, ठसठशीत उजळ ठिपका होता. बुधला फिरवला तसा तो रेघेबरोबर फिरला. नवऱ्याने तो बघितला आणि बुधला हळूच सतरंजीवर ठेवला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

रविवार

ठरलं. या बुधल्यात बिअर करायची नाही.

नव्या २५ लिटरच्या बादलीचे पैसे मला जड नाहीत. भरलेला बुधला हातात फुटला तर काय होतं, ते या छंदातल्या जुन्या मंडळींकडून ऐकलंय. वजन खाली जातं, हात तिथेच राहतो, आणि काच मनगटाची कंडरा कापते. बोटं पुन्हा पहिल्यासारखी मिटत नाहीत. माझे साडेचार लिटरचे डेमीजॉन, म्हणजे काचेत बुडबुडे असलेले लहान बुधले, मी वापरत राहणार, त्यांच्यात एकही रेघ नाही. एकाच्या तोंडाशी टवका उडालाय, रबरी बूच दाबताना तिथेच जोर पडतो, म्हणून तेवढा बाजूला काढला.

आजोबांना सांगणं अवघड होतं. फोनवर नको म्हणून टॉर्च घेऊन गेले. त्यांना खाली बसवलं, आणि रेघ चमकवून दाखवली. त्यांनी टॉर्च स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, "ती हा उचलायची तेव्हा मी बाहेर बागेत असायचो." मी त्यांचा हात धरून बसले.

बुधला फोडायचा नाही. त्यात बाग लावू म्हटलं, कोरडी खडी, माती, नेचे. एकदा कोपऱ्यात ठेवला की हलवायचा नाही, गरम पाण्याशी संबंध नाही. सरे परगण्यात एका गृहस्थांनी १९६० मध्ये अशाच बुधल्यात लावलेलं रोप १९७२ नंतर पाणी न घालता हिरवं राहिलं होतं. ते आजोबांच्या ऐकण्यात होतं. जागाही त्यांनीच सुचवली, त्यांच्याच जिन्याखाली, खिडकीसमोर.

निघताना म्हणाले, गॅरेजमध्ये मागे पोत्यांखाली असाच दुसरा आहे, तो नातवाला द्यायचाय, आधी बघून देशील का? बुधवारी काढणार आहोत. टॉर्च, गॉगल, लॅपटॉप आणि जाड हातमोजे घेऊन जाईन. रेघ नसली तर तो नातवाला दुधाच्या क्रेटमध्ये ठेवूनच द्यायचा, आणि मानेला धरून कधी उचलायचा नाही हे त्याला मी स्वतः सांगणार आहे.