चार्जर फुकट, वायरिंगचं बोला!

इलेक्ट्रिक गाडी घेतली की शोरूमवाले सांगतात, "मॅडम, चार्जर फ्री आहे, बसवूनही देतो." मग कागद नीट वाचला की कळतं, पंधरा मीटरपर्यंतची केबल फ्री, आणि अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी, "ग्राहकाने तयार ठेवावे". आमची इमारत कोथरूडमधली, पंचवीस-सव्वीस वर्षं जुनी. मीटर जिन्याखाली, माझं पार्किंग पार मागच्या भिंतीला. पंधरा मीटरमध्ये जेमतेम वॉचमनच्या खुर्चीपर्यंत पोहोचलो असतो.

सोसायटीचं सगळं काम करणारा एक इलेक्ट्रिशियन आहे. पंखा, गिझर, बेल, काहीही बिघडलं की तोच येतो, आणि माणूस खरंच चांगला आहे. तो म्हणाला, "ताई, काही नाही हो त्यात. चार एम.एम.ची वायर टाकतो, एक एमसीबी लावतो, संध्याकाळपर्यंत मोकळे." एमसीबी म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. कंपनीकडून आलेल्या मुलाने भिंतीचे फोटो काढले, फॉर्मवर माझी सही घेतली आणि अर्थिंग झालं की फोन करा म्हणून निघून गेला. दोघांपैकी एकानेही मीटरचं झाकण उघडलं नाही.

कमिटीने मात्र अट घातली होती की सरकारी परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच काम करून घ्या आणि परवान्याची प्रत फाइलला लावा. आमचे चेअरमन एरवी जिन्यात चपला ठेवण्यावरूनही पत्रं काढतात, त्यामुळे हाही त्यातलाच प्रकार असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. महावितरणकडून नवं मीटर घ्यायचं तरी ठेकेदाराचा सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट लागतोच.

मैत्रिणीच्या ओळखीतून एक ठेकेदार मिळाले. साठीच्या आसपासचे काका, सोबत एक परवानाधारक वायरमन. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि विजेचं बिल. बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा, ४ किलोवॅट. चार्जर ७.२ किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपियर. "गिझर दहा मिनिटं चालतो आणि बंद होतो," काका म्हणाले. "हा पाच-पाच, सहा-सहा तास सलग ओढणार. कुठे एक स्क्रू ढिला असेल, तर गिझरला चालून जाईल. इथे तो जळेल." मग त्यांनी मीटरबोर्ड उघडला. आत जुने चिनीमातीचे किटकॅट फ्यूज होते, एकाच्या कडा काळ्या पडलेल्या. ते काही बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं.

मीटरपासून पार्किंगपर्यंत टेपने मोजलं तर ४२ मीटर भरलं. त्यांनी बिलाच्या मागेच मला हिशेब करून दाखवला. चार एम.एम. (म्हणजे चार चौरस मिलिमीटर) तांब्याच्या वायरमधून ३२ अँपियर एवढ्या लांब नेले तर वाटेतच बारा व्होल्ट पडतात, म्हणजे जवळपास चारशे वॅट नुसती वायर तापवण्यात जाणार, तेही माझ्याच बिलावर. त्याहून जाड, दहा एम.एम.ची घेतली तर तेच नुकसान निम्म्याहून कमी. मी विमा कंपनीत नोकरी करते, दिवसभर आकडेच बघते, पण जळण्याआधीचा हिशेब कोणी इतक्या सहज मांडलेला फारसा पाहिला नव्हता.

त्यांनी पुढे विचारलं, रोज गाडी किती चालते? हिंजवडीला जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. म्हणजे साधारण सहा युनिट. "मग तुम्हाला रोज ३२ अँपियर कशाला हवेत? सोळावर सेट करतो, दोन तासांत झालं काम. केबल मात्र मोठीच टाकू, ती परत परत टाकली जात नाही." चार्जर विकणाऱ्या कोणीही मला हा प्रश्न विचारला नव्हता.

घरच्याच मीटरवर गाडी चार्ज करायला परवानगी आहे, केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं स्पष्ट लिहिलंय. पण आमचं घरचं बिल सव्वादोनशे युनिटच्या आसपास येतं. त्यात गाडीचे महिन्याचे दीडशे मिळवले की तीनशेची पायरी ओलांडून वरचा दर लागतो. शिवाय मंजूर भारही वाढवावा लागला असता. म्हणून चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेतलं. सोसायटीचं ना-हरकत पत्र, टेस्ट रिपोर्ट, फेऱ्या... ते सगळं व्हायचं तसं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते अर्थिंगचं. काकांनी मल्टिमीटरच्या दोन पिना न्यूट्रल आणि अर्थला लावल्या. आकडा आला ११ व्होल्ट. दोन-तीनच्या आत असायला हवा होता. "एवढ्यावर बरेचसे चार्जर सुरूच होत नाहीत, लाल दिवा दाखवून बसतात. मग लोक कंपनीला शिव्या घालतात." इमारतीचा मूळ अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी सांगितलं, पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा त्याखाली गेला. म्हणजे सगळी इमारत इतकी वर्षं नुसत्या विश्वासावर चालली होती.

नवा खड्डा कंपाउंडजवळ, बागेच्या नळाशेजारी घेतला, कारण तिथली माती कायम ओली असते. आमच्या भागात दोन-तीन फुटांखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मशिन लावूनही ड्रिलवाल्याचा घाम निघाला. पाइप आत गेला, भोवती बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या मातीची पावडर ओतली, पाणी सोडलं. मग वायरमनने ठरावीक अंतरावर एका रेषेत दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, तिन्हींना वायरी जोडल्या आणि अर्थ टेस्टरचं बटण दाबलं. अर्थिंगचा रोध २.८ ओहम. पाचच्या आत हवं होतं. काकांनी तो आकडा वायरमनकडून मोठ्याने वदवून घेतला, मला वाचायला लावला आणि मगच रिपोर्टमध्ये लिहिला.

सामान आणायला मी काकांबरोबर विजेच्या सामानाच्या बाजारात, तापकीर गल्लीत गेले. दुकानदाराने पुढे केलेला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, काकांनी उलटून बघितला आणि परत सरकवला. "हा एसी टाइप आहे. गाडीच्या चार्जरला ए टाइप पाहिजे, तीस मिलिअँपियर." गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळणारा करंट साधा नसतो, त्यात डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, अंश येतो, आणि साधा, एसी टाइपचा आरसीसीबी नेमका गरजेच्या वेळी पडेलच याचा भरवसा राहत नाही. अगदी सपाट डीसी गळतीसाठी तर चार्जरच्या आतच वेगळी सोय लागते, ती आमच्यात होती का तेही त्यांनी माहितीपत्रकात शोधून काढलं. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." काका म्हणाले, "नेऊ देत."

चार्जर फुकट धरून बाकीचा खर्च ४०,००० च्या वर गेला. त्यात मजुरी सगळ्यात कमी, तांबं आणि अर्थिंग सगळ्यात जास्त. नवऱ्याने आमच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनचा आकडा आठवून एक सुस्कारा सोडला. सोडू दे.

पहिल्या रात्री दोन तास चार्जिंग झाल्यावर काकांचा फोन: "एमसीबीच्या बॉक्सवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करा आणि मला कळवा." कोमटसुद्धा नव्हता.

आता अजून तीन घरांना गाड्या घ्यायच्यात आणि तिघेही त्यांचा नंबर मागतात. मी दिलाय. पण काकांचं म्हणणं, एकेकाने सुटी केबल ओढण्यापेक्षा सोसायटीने एकच ट्रे आणि एक पॅनेल करावं, आणि आधी इमारतीचा एकूण भार तपासून घ्यावा. चेअरमननी हा विषय वार्षिक सभेच्या अजेंड्यात नवव्या क्रमांकावर टाकलाय. आठव्यावर कबुतरं आहेत, तेव्हा रात्री अकराच्या आत काही आमचा नंबर लागत नाही.