कायटोसान टॉवेलवर टिकत का नाही?

पावसाळ्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो, हे बेळगावकरांना सांगायला नको. हा वास करणाऱ्या जंतूंना आवर घालायला सुती कापडावर कायटोसान चढवतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेलं हे पॉलिमर आम्लात धनभारित होतं आणि जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फोडतं. वडगाव-खासबागच्या मागांवरचं कापड घेऊन प्रयोग करणार असाल, तर घोळ बहुधा कायटोसानमध्ये नसतो, विणण्याआधी सुताला लावलेल्या खळीत असतो.

कापडावर पातळ आयोडीनचा थेंब टाकून बघा. निळा-काळा डाग उमटला तर स्टार्चची खळ बसलेलीच आहे. अमायलेज एन्झाइमनं ती उतरवा, कॉस्टिक सोड्यात उकळा, भरपूर धुवा आणि पुन्हा थेंब टाका. डाग पिवळसरच राहिला पाहिजे.

एक लिटर पाण्यात 10 मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घालून त्यात 10 ग्रॅम कायटोसान चिमटी-चिमटीनं भुरभुरवा. एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात, त्या मग हटत नाहीत. रात्रभर ढवळून गाळा. मग कायटोसान सुताला बांधणारं 60 ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि त्या बांधणीला चालना देणारं 40 ग्रॅम सोडियम हायपोफॉस्फाइट विरघळवा. कापड यात बुडवून रोलरांतून पिळा, यालाच पॅडिंग म्हणतात. 80 टक्के पिकअपला, म्हणजे कापडानं आपल्या वजनाच्या 80 टक्के द्रावण धरलं तर, 100 ग्रॅम कापडावर 0.8 ग्रॅम कायटोसान चढतं. कापडात कॉस्टिक उरलं असेल तर पॅडिंगच्या ट्रफमध्येच (द्रावणाच्या कुंडात) सामू (pH) चढतो, तो 6.5च्या आसपास गेला की कायटोसान चोथ्यासारखं बाहेर पडतं. साबणाचा अंश राहिला तरी तीच गत.

85 अंशांवर वाळवून 160 अंशांवर तीन मिनिटं क्युअर करा, म्हणजे तापवून थर पक्का करा. त्याहून ताप वाढवला की सायट्रिक ॲसिडचं पाणी सुटून असंपृक्त आम्लं होतात आणि पांढरा टॉवेल पिवळा पडतो. शिवाय आम्ल आणि उष्णता मिळून सूत कमजोर करतात. पांढऱ्या मालाला 150 अंशच बरे, वेळ थोडा वाढवा.

पॉलिएस्टरवर हा खटाटोप करू नका. तिथं सायट्रिक ॲसिडला धरायला सुतात असतात तसे हायड्रॉक्सिल (OH) गट जवळपास नसतात, त्यामुळे थर धुण्यात निघून जातो. त्यासाठी धागा काढतानाच वितळलेल्या पॉलिमरमध्ये चांदी किंवा जस्ताचे कण घातलेलं सूत विकत घ्यावं.

तपासणीला न धुतलेला तुकडा पाठवू नका. उरलेलं आम्लच जंतू मारतं आणि आकडा फुकट छान येतो. एएटीसीसी 147 या जंतुरोधक चाचणीत तुकड्याभोवती जंतू नसलेला मोकळा पट्टा दिसला नाही म्हणून खचू नका. घट्ट बांधलेलं कायटोसान बाहेर पाझरतच नाही. जंतू किती घटले ते मोजणारी एएटीसीसी 100 चाचणी मागा, तीही वीस धुण्यांनंतरच्या तुकड्यावर.